कुजक्या लाकडावर किडे दिसले? फवारणीआधी नीट बघा

खरड छाटणीतल्या काड्या, वाळके ओलांडे, उपटलेली डाळिंबाची खोडं बांधावर रचलेली असतात. पाऊस लागला की ती भिजतात, बुरशी धरतात आणि साल उचलली तर खाली बारीक किड्यांची वळवळ दिसते. मग लगेच पंप पाठीवर घेतला जातो. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. लाकडावर दिसणारा प्रत्येक किडा बागेचा शत्रू नसतो.

साल पांढऱ्या कागदावर झटका आणि दहापट भिंगातून बघा. एक ते तीन मिलिमीटरचे, बिनपंखी, राखाडी किंवा पांढरे किडे बोट लावताच टुणकन उडाले, तर ते स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेल्या काट्याच्या झटक्याने ते उडतात. बुरशी आणि कुजका पाला खाऊन ते माती घडवतात, त्यांना मारू नका. आठ पाय दिसले तर तो कोळी, म्हणजे माइट. कुजक्या लाकडावरचे बरेच कोळी बुरशीवर किंवा इतर बारीक जिवांवर जगतात. मऊ, फिकट, कंबर नसलेली आणि मातीच्या नळीतून चालणारी ती वाळवी. ती ढिगातून जिवंत खोडाकडे सरकते, म्हणून ढीग बागेपासून लांब हवा.

खरी काळजी शॉट होल बोररची. आटपाडी, जत, माण भागातल्या डाळिंब उत्पादकांनी हा भुंगेरा ओळखायलाच हवा. दोन-अडीच मिलिमीटरचा, गडद तपकिरी ते काळा, नळकांड्यासारखा. वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही. मादी खोडात टाचणीएवढं भोक पाडते आणि बोगद्यात सोबत आणलेली बुरशी वाढवते. तिचं आणि पिल्लांचं अन्न लाकूड नव्हे, ती बुरशी. पाणी साचून किंवा मर रोगाने दमलेल्या झाडावर तो आधी येतो. म्हणून पानं पिवळी पडेपर्यंत थांबू नका; बुंध्याजवळ बारीक भोकं आणि पांढरा भुसा शोधा. पाण्याचा निचरा करा. पूर्ण वाळलेलं झाड मुळासकट काढून बागेबाहेर जाळा, सरपण म्हणून गोठ्याशेजारी रचू नका.

द्राक्षात खोडकिडीचे भुंगेरे याहून कितीतरी मोठे, लांब मिशांचे. पहिल्या पावसानंतर ते बाहेर पडतात, तेव्हा रात्री प्रकाश सापळा लावून गोळा करून मारता येतात. खोडाशी भुसा पडलेला दिसला, तर अळी आत आहे असं समजा.

ओळख पटली नाही तर अंदाजाने औषध घेऊ नका. किडा सॅनिटायझर भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवा, भोक असलेला लाकडाचा तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा आणि कांचनपूर, बोरगाव किंवा कालवडे यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. लाकूड जिवंत झाडाचं की ढिगातलं, भोक जमिनीपासून किती उंचीवर होतं, भुसा ताजा होता का, हे चिठ्ठीवर लिहून द्या.