रंग ओला राहावा म्हणून

चित्र रंगविणाऱ्या माणसाच्या एका हातात कुंचला असतो आणि दुसऱ्या हातात, किंवा जवळच्या मेजावर, रंग कालविण्याची पाटी असते. या पाटीला चित्रकार पॅलेट म्हणतात. ती लाकडाची असते, चिनी मातीची असते, कधी पत्र्याची किंवा काचेचीही असते; आणि यांपैकी काहीच नसले, तर घरातली जुनी बशीसुद्धा तिचे काम करते. लोक चित्राकडे पाहतात. पाटीकडे सहसा कोणी पाहत नाही. चित्रकाराचे मात्र अर्धे लक्ष तिकडे गुंतलेले असते. कारण चित्र पुरे होण्याआधीच पाटीवरचा रंग वाळू लागलेला असतो.

रंग वाळला तर दुसरा काढावा, त्यात एवढे काय बिघडले, असे तुम्हांला वाटेल. पण नळीतून बाहेर आलेला रंग जसाच्या तसा चित्रात क्वचितच जातो. संध्याकाळचे आकाश रंगवायचे आहे असे समजा. क्षितिजाजवळचा तो फिका नारिंगी रंग साधण्यासाठी पिवळ्यात थोडा तांबडा, त्यात पुष्कळसा पांढरा आणि झळाळी किंचित उतरावी म्हणून निळ्याचा एखादा ठिपका, असे मिश्रण करावे लागते. त्याचे प्रमाण कोठे लिहून ठेवलेले नसते. डोळ्यांनी पाहत पाहत ते जमलेले असते. आकाश अर्धे रंगवून झाले आणि पाटीवरचे मिश्रण वाळून गेले, की तेच मिश्रण पुन्हा साधणे फार कठीण. शिवाय ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखे दिसत नाहीत. जलरंग कागदावर वाळला की फिका होतो. ॲक्रिलिक नावाचा रंग वाळला की थोडा गडद होतो. त्यामुळे वाळलेल्या अर्ध्या आकाशाशी पाटीवरचा नवा ओला रंग ताडून पाहिला, तर डोळ्यांची फसगत होते. दोन आकाशे जोडल्याची रेघ चित्राच्या मधोमध उमटते, आणि मग हळहळण्यापलीकडे काही हाती राहत नाही.

बरे, रंग मुळी वाळूच नये अशी काही युक्ती केली, तर तीही चालत नाही. चित्रावर गेलेला रंग वाळलाच पाहिजे. नाही तर त्यावर धूळ बसेल आणि हात लागताच तो फासला जाईल. पाटी आणि चित्र यांत जेमतेम दोन हातांचे अंतर. तेवढ्या अंतरात एकच रंग इकडे ओला राहावा आणि तिकडे वाळावा, अशी चित्रकाराची मागणी असते. ती पुरी करायची, तर तो रंग कशामुळे वाळतो हे आधी समजले पाहिजे. आणि सगळे रंग एकाच रीतीने वाळत नाहीत.

जलरंगाचे वाळणे सर्वांत सरळ आहे. रंगाची अतिशय बारीक पूड, तिला कागदाशी धरून ठेवणारा डिंक आणि पाणी, एवढाच त्याचा संसार. पाण्याची वाफ होऊन ते हवेत गेले, की पूड आणि डिंक मागे राहतात. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणून पाटीवर वाळलेला जलरंग वाया गेला असे समजू नये. तो निजलेला असतो आणि ओला कुंचला फिरवताच जागा होतो. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे काढणारे आपल्या देशातील कलावंत रंग शिंपल्यांत ठेवीत. आज शिंपल्यात वाळलेला रंग उद्या थोडे पाणी घालून बोटाने चोळला, की तो पुन्हा कामाला येई. डिंकाचे प्रमाण मात्र फार सांभाळावे लागे. तो कमी पडला, तर वाळलेला रंग पुडीसारखा झडे. जास्त झाला, तर त्याला भेगा पडत.

इंग्लंडात विल्यम रीव्ह्ज आणि टॉमस रीव्ह्ज या भावांनी जलरंगाच्या टणक वड्या बनविल्या. त्याबद्दल १७८१ साली तेथील सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने त्यांना चांदीची पॅलेट बक्षीस दिली. या वड्या प्रवासात नेण्यास सोयीच्या होत्या. पण सहाणेवर चंदन उगाळावे तशी वडी बशीत पाणी घेऊन उगाळावी लागे, आणि मनाजोगता दाट रंग मिळेपर्यंत हात दुखून येई. रंग थोडा मऊच राहिला तर किती बरे होईल! १८३५ च्या सुमारास लंडनच्या विन्सर आणि न्यूटन यांच्या कारखान्याने जलरंगात ग्लिसरीन घालून हे साधले. ग्लिसरीन काय करते, हे ज्याने पावसाळ्यात गुळाची ढेप पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको. उघड्या गुळाला पाणी सुटते, ते त्याच्या पोटातून येत नाही; तो हवेतली ओल ओढून घेतो. मध तेच करतो, ग्लिसरीनही तेच करते. म्हणून पुष्कळ जलरंगांत मध किंवा ग्लिसरीन घातलेले असते. अर्थात गुळाचा दोषही त्यांना लागतो. कोकणातल्या आषाढ-श्रावणात असे रंग डबीत पंधरा दिवस मिटून ठेवले, तर ते वाळत तर नाहीतच, उलट त्यांवर बुरशी धरते.

तरीही उन्हाळ्यात जलरंगाशी काम करणे ही परीक्षाच असते. जलरंगात आकाशासारखी मोठी जागा एका दमात भरावी लागते. कुंचल्याच्या पहिल्या फटकाऱ्याची कड ओली आहे तोवर दुसरा फटकारा तिला भिडला पाहिजे. ती कड वाळली, की तिचा डाग कायम राहिला. वैशाखातल्या दुपारी ही मुदत फारच थोडी असते. म्हणून जाणता चित्रकार लागेल त्याहून जास्त रंग आधीच खोल वाटीत कालवून घेतो. पसरट बशीत तेवढाच रंग चटकन वाळतो, कारण त्याचे अंग हवेला जास्त उघडे पडते. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिव्यावर धरलेल्या तिच्या बोटांतून लालसर उजेड पाझरतो आणि हळूहळू अंधारात मिसळतो. ते चित्र जलरंगातील आहे हे कळल्यावर पाहणारा पुन्हा एकदा निरखून पाहतो. जलरंगात उजेड असा हळूहळू विरविणे किती कठीण असते, हे हाती कुंचला धरलेल्या कोणालाही सांगता येईल.

तैलरंगाची तऱ्हा अगदी वेगळी. त्यात पाणी नसते. रंगाची पूड बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली असते. तेव्हा त्यातून उडून जाण्यासारखे फारसे काही नसते. मग तो वाळतो कसा? लोखंडाचा खिळा ओलसर हवेत पडला की हवेतील प्राणवायू त्याला लागून गंज धरतो. जवसाचे तेलही हवेतील प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट, चिवट होते. गंमत अशी, की वाळणाऱ्या वस्तूचे वजन घटावे असे आपण धरून चालतो. जवसाचे तेल मात्र वाळू लागते तेव्हा त्याचे वजन काही काळ वाढते, कारण बाहेरचा प्राणवायू त्यात आलेला असतो. असा वाळलेला रंग पुन्हा तेल घालून ओला होत नाही. गंजाचे लोखंड होत नाही, तसेच हे.

यामुळे तैलरंग साठवून ठेवणे ही शतकानुशतके मोठी अडचण होती. युरोपातील चित्रकारांच्या घरी शिकाऊ मुले सकाळी दगडी फरशीवर, आपल्याकडे पाट्यावर वाटण वाटावे तशी, तेलात रंग घोटून देत. आणि तेही त्या दिवसापुरतेच. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून तोंड दोऱ्याने घट्ट बांधीत. रंग हवा झाला की पिशवीला टाचणीसारख्या खिळ्याने भोक पाडायचे, रंग पिळून घ्यायचा आणि तोच खिळा भोकात बसवून ते बुजवायचे. पण एकदा भोक पडले की हवा आत शिरेच; शिवाय पिशवी प्रवासात फुटली, तर सामानाची जी दशा होत असेल तिची कल्पनाच करावी.

ही अडचण दूर केली ती जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने. तो तेव्हा लंडनमध्ये राहत असे. कथलाच्या पातळ पत्र्याची, दाबली की चेपणारी आणि चेपल्यावर तशीच राहणारी नळी त्याने बनविली आणि १८४१ साली तिचे पेटंट घेतले. ‘चेपल्यावर तशीच राहणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रंग बाहेर येतो तेवढी नळी आक्रसते, त्यामुळे त्याच्या जागी हवा आत शिरत नाही. दात घासण्याच्या पेस्टची नळी तुम्ही रोज हाती घेता. तिचा हा पूर्वज चित्रकाराच्या गरजेतून जन्मला. पुढे क्लोद मोने आणि त्याचे सोबती नदीकाठी, शेतात, उन्हात बसून चित्रे रंगवू लागले. त्यांच्या पेटीत या नळ्या असत.

नळीतला रंग सुरक्षित झाला, पण पाटीवर काढलेल्या रंगाचे काय? शत्रू जर हवा असेल, तर रंग हवेपासून लपवावा, हे उघड आहे. म्हणून काही चित्रकार काम संपल्यावर पॅलेट उथळ थाळीत पाण्याखाली ठेवतात. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. रंग पाण्याखाली रात्रभर मऊ राहतो, आणि सकाळी पाणी निथळू दिले की काम पुढे चालू होते. काही जण झाकणाच्या डब्यात पॅलेट ठेवून शेजारी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. लवंगेच्या तेलात असा एक पदार्थ असतो, की जो प्राणवायूचे हे काम मंद करतो. पण लोभ नको. तेच तेल सढळ हाताने रंगात मिसळले, तर चित्रही वाळत नाही. ते चिकट राहून धूळ धरून बसते. पांढरा आणि निळा यांसारखे रंग पिवळट पडू नयेत म्हणून काही वेळा जवसाऐवजी खसखशीचे तेल वापरतात. ते जवसापेक्षा सावकाश वाळते.

तैलरंगाविषयी एक धोक्याची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. जवसाचे तेल प्राणवायू घेताना ऊब निर्माण करते. पाटीवर ती कळतही नाही. पण तेलाने भिजलेली फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकली, तर ती ऊब आतल्या आत साठत जाते आणि काडी न लावताही फडकी पेट घेऊ शकतात. अशी फडकी मोकळी पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवावीत.

ॲक्रिलिक रंग या दोघांच्या मानाने अगदी अलीकडचे. पाण्यात कालविता येणारे ॲक्रिलिक रंग १९५० नंतरच्या दशकात बाजारात आले. ते पाण्याने पातळ होतात, म्हणून त्यांना जलरंगाचे भाऊ समजण्याची चूक होते. त्यांत डिंक नसतो. प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले, की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा अखंड पापुद्रा बनतो, आणि मग कितीही पाणी घातले तरी तो विरघळत नाही. दह्याचे पुन्हा दूध होत नाही. पातळ थर तर दहा-वीस मिनिटांतही वाळतो. येथे उपाय एकच: पाणी जाऊच द्यायचे नाही, किंवा गेलेले भरून द्यायचे.

विड्याची पाने ताजी राहावीत म्हणून डब्यात ओले फडके घालण्याची रीत जुनी आहे. ओली पॅलेट म्हणून जी ओळखली जाते, ती याच जातीची. घट्ट झाकणाचा उथळ डबा घ्यावा. तळाशी टीपकागद किंवा सुती कापडाची घडी अंथरून ती चांगली भिजवावी. त्यावर जाड ट्रेसिंग पेपर किंवा बटरपेपर पसरून हाताने दाबावा, म्हणजे खाली हवेचे फुगे राहत नाहीत. मेणकागद मात्र येथे उपयोगी नाही, त्यातून पाणी वर येत नाही. या कागदावर रंग काढावेत आणि कालवावेत. वरून जेवढे पाणी उडते, तेवढे खालच्या घडीतून कागदावाटे वर झिरपते. रंग मात्र खाली उतरत नाही. काम थांबविताना झाकण लावले, तर रंग काही दिवस मऊ राहतो. पाणी अति झाले, तर कागदावर तळे साचते आणि कालवलेले रंग एकमेकांत वाहतात; म्हणून घडी भिजलेली असावी, पोहत नसावी. डबा सावलीत ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात तो ठेवू नये, कारण गोठल्याने ॲक्रिलिक रंग फाटतो.

आठवडाभराने डबा उघडल्यावर कुबट वास आला, तर त्या रंगाचा मोह सोडलेला बरा. कागद टाकून द्यावा, कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि नव्या कागदावर पुन्हा थोडाथोडाच रंग काढावा.