मुक्या सोबत्याचा श्वास

हिवाळ्यातील सकाळ. नागपूरच्या आग्नेय भागातील सक्करदऱ्याच्या तलावावर धुके उतरलेले असते. भोसले घराण्याशी निगडित असलेला हा जुना परिसर आता दाट वस्तीचा झाला आहे. उमरेड मार्गावर वाहनांची वर्दळ सुरू होते. रस्त्याच्या कडेला थंडीने काकडलेली माणसे शेकोटी पेटवितात आणि काटक्यांबरोबर रबराचे व प्लास्टिकचे तुकडेही तीत टाकतात. अशा वेळी एखादा मुलगा आपल्या कुत्र्याला घेऊन फिरावयास निघतो. धुराचा लोट येताच तो नाकाला रुमाल लावतो. कुत्रा मात्र दोन-चार वेळा शिंकतो आणि निमूटपणे धन्यामागून चालू लागतो. त्याला रुमाल कोण देणार?

माणूस व कुत्रा एकाच हवेत राहतात. परंतु कुत्र्याचे नाक जमिनीजवळ असते. वाहनांच्या धुराड्यांतून निघणारा धूर आणि चाकांखालून उडणारी धूळ प्रथम त्याच्या वाट्यास येते. शिवाय त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धावल्यावर अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो तोंड उघडून धापा टाकतो. त्यामुळे नाकात न गाळलेली हवा सरळ आत जाते. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर एरवीही श्वास घेणे जड जाते.

मोठी धूळ नाकातील ओलाव्याला चिकटून राहते. परंतु २.५ मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. माणसाचा केस अशा कणाच्या सुमारे तीसपट जाड असतो! या कणांमुळे श्वासमार्गाचा दाह होतो, खोकला जडतो व दम लागतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर वर जाऊ शकत नाही.

मुकी जनावरे हा धोका प्राण देऊन सांगतात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके पसरले, तेव्हा तेथील प्रदर्शनात आणलेली काही गुरे दगावली. त्याच धुक्याने हजारो माणसांचाही बळी घेतला. पुढे २००२ च्या सुमारास मेक्सिको शहरातील कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूत दाहाच्या खुणा आढळल्या.

भारतात हवा शुद्ध करण्यासाठी २०१९ मध्ये जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात नागपूरचाही समावेश आहे. परंतु सारेच काम सरकारवर सोपवून चालत नाही. धुके व धूर दाटला असता कुत्र्याला दूर पळवू नये. ऊन वर आल्यावर वर्दळ नसलेल्या वाटेने थोडे फिरवावे. घरी आल्यावर त्याचे पाय व अंग ओल्या फडक्याने पुसावे. घरात विडीचा वा डास पळविणाऱ्या अगरबत्तीचा धूर करू नये. खोकला थांबत नसेल, तर पशुवैद्यास दाखवावे.

शेकोटी ही गरिबाची गरज आहे. परंतु तीत रबर व प्लास्टिक न टाकणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्याने कुत्र्याचा श्वास मोकळा होईलच. शिवाय शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा आणि त्यांच्या मांडीवरील लेकरांचाही होईल.