कळलावी

पाऊस चांगला लागला की कुंपणाच्या झुडपांतून एक वेल वर चढू लागते. तिचे पान लांबट असते. पानाचे टोक दोऱ्यासारखे वळते आणि शेजारची काटकी धरून ठेवते. श्रावण-भाद्रपदात तिला फुले येतात. फुलाला सहा पाकळ्या. त्या नागमोडी असतात आणि वर वळलेल्या असतात. फूल आधी हिरवट, मग पिवळे, आणि शेवटी लालबुंद होते. जाळ पेटल्यासारखे दिसते, म्हणून संस्कृतात हिचे नाव अग्निशिखा. आपण हिला कळलावी म्हणतो. कोणी खड्यानाग म्हणतात. कोकणात गौरीच्या पूजेत हे फूल लागते, म्हणून तिकडे हिला गौरीचे हात असेही म्हणतात.

कळलावी हे नाव कसे पडले? कळ लावणे म्हणजे भांडण लावणे. ही वेल घरात आणली की सासू-सुनेचे, भावा-भावाचे वाजते, अशी समजूत आहे. दुसऱ्याच्या घरावर मुळी टाकून भांडण लावणारेही असतात म्हणे! पण पाहा, कोकणात तेच फूल गौरीबरोबर घरात येते, आणि तिथे काही घरोघर भांडणे लागत नाहीत. भांडायला माणसाला वेल लागत नाही.

कळ या शब्दाचा दुसरा अर्थ वेदना. बाळंतपणाच्या कळा आपण म्हणतोच. बाई अडली की हिची मुळी उगाळून तळहाताला, तळपायाला लावायची, नाहीतर कमरेला बांधायची. मूल झाले की लगेच सोडायची. हा उपाय फार जुना आहे.

एका म्हाताऱ्या सुईणीला मी विचारले, "आजी, मुळीनं खरंच सुटका होते का हो?" ती हसली. म्हणाली, "गुरुजी, मुळी बांधलेल्या बाया बाळंत झाल्या. न बांधलेल्या पण झाल्या. ज्या अडूनच राहिल्या, त्यांचं कोण सांगतंय?"

आजींनी खरे सांगितले. बहुतेक बाळंतपणे आपोआप होतात. मुळी बांधली आणि मूल झाले, की नाव मुळीचे होते. पण मूल आडवे असेल, किंवा रक्त जात असेल, तर मुळी काय करणार? मुळी शोधण्यात आणि वाट पाहण्यात जे दोन-तीन तास जातात, तेच बाईच्या जिवावर येतात. आता गावात आशाताई आहेत. १०८ ला फोन केला की गाडी येते, तिला पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपणही फुकट होते. हा नियम २०११ सालापासून आहे. तेव्हा कळा सुरू झाल्या की आधी फोन करावा.

बांधलेली मुळी वेळ खाते. पोटात गेलेली मुळी जीव घेते. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. कोणी पोट पाडायला ही मुळी घेतात. कोणी साप चावल्यावर उगाळून पाजतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. सापाच्या विषावर दवाखान्यातली लस हाच इलाज आहे. मुळी पाजली तर एका विषावर दुसरे विष पडते.

कधी चुकूनही खाल्ली जाते. हिचा कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो. म्हणून हिला संस्कृतात लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. एखादा फाटा तुटून निघाला तर तो रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा दिसतो. शिजवल्याने विष जात नाही. वेल ओळखल्याशिवाय कुंपणातला कंद घरात आणू नये.

या विषाचे नाव कोल्चिसिन. आपल्या शरीरात रोज जुने झिजते आणि नवे घडते. हे विष नवे घडणेच थांबवते. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. दोन ते सहा तासांनी घशात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग थोडे बरे वाटते. माणूस म्हणतो, सुटलो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त, मूत्रपिंड, हृदय बिघडते. जो वाचतो, त्याचे केस आठ-पंधरा दिवसांनी झडतात. हे विष उतरवणारे औषध सहसा मिळत नाही.

मग वैद्य ही वापरतात ती कशी? ते तिची उपविषांत गणना करतात आणि आधी गोमूत्रात भिजवून शुद्ध करतात. ते जाणत्याचे काम आहे, घरी करण्याचे नाही. तामिळनाडूत तर हिची शेती होते. तिथले हे राज्यफूल आहे. बियांतून कोल्चिसिन काढतात आणि सांधे सुजण्याच्या एका रोगावर देतात. त्याची गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा दोन हजारावा भाग. एवढे बारीक माप सहाणेवर उगाळून कसे साधणार?

कोणी मुळी खाल्लीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. बरे वाटते म्हणून घरी ठेवू नका. तडक दवाखान्यात न्या. उरलेला कंद आणि वेलीचे पान पिशवीत घालून बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्ले ते लगेच कळेल.