गोठणाऱ्या तळ्याचा कारभार

कॅनडासारख्या देशात अंगणात तळे खणून त्यात रंगीत मासे सोडणाऱ्या गृहस्थाकडे पहिल्या हिमवर्षावाच्या सुमारास जो तो एकच पृच्छा करीत येतो : "एवढ्या थंडीत ते गारठून मरत नाहीत का हो?" प्रश्नामागची कणव खरी असली तरी तिचा रोख चुकीच्या शत्रूवर असतो, कारण गोल्डफिश आणि कोई या कार्पकुळातील माशांचे शरीर सभोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते, त्यांचे सर्व देहव्यापार मंदावतात, आणि तळाशी पाणी पातळ असेल तोवर ते हिवाळाभर अर्धनिद्रेत स्वस्थ पडून राहतात. थंडी सहसा त्यांना मारीत नाही. ती तळ्यावर जे झाकण बसवते, ते मारते. हे एक सूत्र ध्यानी धरले, की हिवाळ्यातल्या तळ्याचा उरलेला सारा कारभार त्यातूनच उलगडत जातो.

निसर्गाची तजवीज मोठी विलक्षण आहे. पाणी सर्वांत जड होते ते गोठताना नव्हे, तर 4 अंश सेल्सियसला. म्हणून वरचे पाणी शून्याकडे जाऊ लागले तरी हे चार अंशांचे जड पाणी बुडाशी थर धरून राहते, आणि बर्फ हलका असल्यामुळे वरच तरंगत राहून खालच्या पाण्याची उष्णता धरून ठेवतो. प्राणवायूच्या बाबतीतही थंड पाणी उदार असते : 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम विरघळतो, तर शून्य अंशाच्या पाण्यात साडेचौदा. परंतु एकदा पृष्ठभाग अखंड गोठला, की हवेचा आणि पाण्याचा व्यवहार बंद पडतो. तळाशी साचलेला पालापाचोळा कुजताना शिलकी प्राणवायू खात राहतो, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतो, आणि बर्फावर हिम साचून प्रकाश अडला, म्हणजे पाणवनस्पतींकडून होणारी थोडीफार भरपाईही थांबते. मिनेसोटातील उथळ सरोवरांत एखाद्या कडक हिवाळ्यानंतर मेलेले मासे काठाला लागतात ते याच कारणाने. अंगणातले तळे तर त्या मानाने चिमूटभर, आणि त्यात माशांची दाटी अधिक.

हे शास्त्र मला मिसिसॉगाच्या घरी आले ते एका दुर्घटनेच्या मार्गाने. कमरेइतक्या खोल तळ्यात कोई आणि गोल्डफिश एकत्र नांदत होते, आणि पृष्ठभागावर एक भोक मोकळे ठेवण्यासाठी विजेवर चालणारा तरंगता हीटर होता. 2013 च्या डिसेंबरात, नाताळच्या ऐन तोंडावर, टोरांटो परिसरात गोठणाऱ्या पावसाचे ते प्रसिद्ध वादळ झाले. झाडांच्या फांद्या काचेने मढवल्यासारख्या होऊन तारांवर कोसळल्या, लाखो घरांची वीज गेली, आणि कित्येक वस्त्यांत नाताळ उलटून गेला तरी ती आली नाही. आमच्याकडे ती आली, घरातले दिवे लागले, भट्टी धडधडू लागली, आणि सारे पूर्ववत झाले असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु अंगणातला प्लग-पॉइंट जी.एफ.सी.आय. जातीचा होता, ओल लागताच प्रवाह तोडणारे त्याचे बटण वादळात उडाले होते, आणि असे बटण हाताने दाबल्याखेरीज पुन्हा बसत नाही. हीटर बंदच राहून तळे अखंड गोठले, त्यावर हिम पडले, मागोमाग जानेवारीत पारा उणे 20 च्याही खाली गेला, आणि पांढऱ्या अंगणात तळे नेमके कोठे आहे हे ओळखणेही कठीण झाले.

थंडी ओसरल्यावर हिम बाजूला सारून, कढत पाण्याचे पातेले बर्फावर ठेवून भोक पाडले, तेव्हा प्रथम वर आली ती कुजक्या अंड्याची दुर्गंधी. कोई सगळे गेले होते. त्याच पाण्यातले गोल्डफिश मात्र, बुडाशी एका कोपऱ्यात, कल्ले हलवीत जिवंत होते. हा चमत्कार नव्हता : प्राणवायू संपला असता गोल्डफिशचे शरीर साठवलेल्या शर्करेवर गुजराण करते, आणि त्यातून उत्पन्न होणाऱ्या घातक आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देते. कोई माशांना ही सोय निसर्गाने दिलेली नाही. त्यांचे माहेर असलेल्या जपानच्या निइगाता प्रांतातील मत्स्यपालकही डोंगरातल्या मातीच्या तळ्यांतून त्यांना हिमापूर्वीच काढून आतल्या हौदांत हलवतात, यातले मर्म तेव्हा लक्षात आले.

आता नव्याने तळे करणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द.

हिवाळ्याची बेगमी शरद ऋतूतच करावी. मेपलची पाने गळू लागण्यापूर्वी तळ्यावर जाळे ताणावे, तळातला गाळ जाळीने उपसावा, कमळाची वाळलेली पाने कापून त्याची कुंडी सर्वांत खोल जागी उतरवावी. जे आत कुजणार नाही ते प्राणवायूही खाणार नाही. धबधबा आणि बुडाचा पंप बंद करावा, कारण तो चार अंशांचा तळथर ढवळून सगळे तळे सारखेच गार करतो, आणि शिवाय धबधब्याच्या वाटेवर बर्फाचा बांध बसला, तर पाणी भलतीकडे वळून तळे रिकामे होण्याचे भय असते.

खाद्याचा निर्णय दिनदर्शिकेवर न सोडता तापमापकावर सोडावा. पाणी 15 अंशांखाली गेले की गव्हाच्या अंकुराचे हलके खाद्य द्यावे आणि 10 अंशांखाली तेही साफ बंद करावे. मंदावलेल्या आतड्यांत अन्न पचत नाही. याबाबतीत आपल्या लोकांचा हात फार सैल असतो. पुण्याहून आलेली माझी आत्या एप्रिलच्या कोवळ्या उन्हात तळ्याकाठी उभी राहून, "अरे, तोंडं वर करून मागताहेत ते, पोळीचा कुटका टाकला तर काय बिघडतं?" असे म्हणाली, तेव्हा तिला थांबवणे माझ्या जिवावर आले; परंतु वसंताचा आरंभच अधिक धोक्याचा, कारण माशाची प्रतिकारशक्ती पुरती जागी होण्यापूर्वीच रोगजंतू जागे झालेले असतात.

भोक मोकळे ठेवण्याचा बंदोबस्त दुहेरी असावा. थर्मोस्टॅटचा तरंगता हीटर, आणि त्याच्या जोडीला हवेचा पंप; मात्र त्याचा बुडबुडे सोडणारा दगड बुडाशी न टाकता पृष्ठभागाखाली फूटभर टांगावा. दोन्ही विजेवरच चालतात, म्हणून बॅटरीवरचा एक छोटा पंप घरात सज्ज ठेवावा, आणि वीज जाऊन आली की अंगणातले बटण स्वतः जाऊन पाहावे. बर्फ कधीही कुऱ्हाडीने वा हातोडीने फोडू नये. त्या आघाताची लाट पाण्यातून थेट माशांच्या शरीरावर आदळते. उकळते पाणी तळ्यात न ओतता गरम पातेले बर्फावर टेकवून धीराने थांबावे. बर्फावरचे हिम काठावरून झाडून प्रकाशाला वाट द्यावी, आणि पायवाटेवर टाकायचे मीठ तळ्याच्या आसपासही फिरकू देऊ नये.

ज्यांचे तळे गुडघ्याइतकेच खोल आहे, त्यांनी हा खटाटोप करूच नये. मासे तळघरातल्या मोठ्या टबात न्यावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाने मारून, आणि तापमानात एकदम फरक पडू न देता. कित्येक जण कंटाळून ते जवळच्या ओढ्यात वा सरोवरात सोडतात, आणि त्यात भूतदया केल्याचे समाधानही मानतात. ही भूतदया नव्हे. प्राणवायूवाचून तग धरण्याच्या ज्या गुणाने माझे गोल्डफिश वाचले, त्याच गुणाच्या बळावर हॅमिल्टनच्या बंदरात हा मासा बेसुमार फोफावला असून तेथील मूळच्या माशांना तो भारी पडत आहे.

यंत्रे हवीतच, परंतु हिवाळ्यात यंत्रे माशांकडे पाहतात आणि यंत्रांकडे पाहणारा कोणी नसतो. सकाळी चहाचा कप हाती घेऊन खिडकीतून भोकाचा काळा ठिपका दिसतो की नाही, एवढे पाहण्याची सवय ज्याला लावून घेता येईल, त्यानेच या देशात तळे खणावे. आणि परगावी जाताना घराच्या किल्लीबरोबर हे कामही शेजाऱ्याकडे सोपवावे.