पहिली तीन मिनिटे

थरारपट पाहताना आपण घाबरतो तेव्हा पडद्यावर काहीतरी भयंकर दाखविले गेले असे आपल्याला वाटते. घरी येऊन आठवू लागले की ध्यानात येते, दाखविले असे फारसे काहीच नव्हते. एक दार, एक जिना, कुणाची तरी हाक. मग आपण घाबरलो ते कशाला? गेल्या वर्षीपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. परंतु द्वितीय वर्षाच्या वर्गात आमच्या सरांनी चार-चार जणांचे गट पाडले आणि सांगितले, "एका थरारपटाची पहिली तीन मिनिटे तयार करून आणा. पुढची गोष्ट नको." ह्या तीन मिनिटांपायी आमचे अडीच महिने गेले. त्यात जे उमगले ते, आणि जे चुकले तेही, येथे मांडत आहे.

पुढची गोष्ट नको म्हटल्यावर आम्ही खूश झालो होतो. अर्धे काम वाचले! आमच्या गटातील तिघांची गावे जंगलाला लागून असल्यामुळे विषय शोधायलाही लांब जावे लागले नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हापासून बाहेरच्या जगाला आपला जिल्हा वाघासाठी ठाऊक आहे. पर्यटक वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतात, आमची माणसे तो दिसू नये म्हणून नारळ फोडतात, एवढाच काय तो फरक. तेव्हा वाघच घ्यायचा असे ठरले.

पहिला प्रयत्न असा होता. पहाटे एक मुलगी मोहफुले वेचते आहे. झुडपाआडून कॅमेरा, म्हणजे वाघ, तिच्याकडे सरकतो. श्वासाचा आवाज, ढोल, मुलगी मागे वळते, किंकाळी, काळोख. मग पांढऱ्या अक्षरांत नाव : 'सावज'. चित्रीकरण मैत्रिणीच्या मोबाईलवर केले आणि पहाटेचे दृश्य सकाळी दहा वाजता घेतले, कारण पहाटे तेथे जायला आमच्यापैकी कुणीच तयार नव्हते. (ह्या कारणाचा विचार आम्ही तेव्हा करायला हवा होता.) डरकाळी मोबाईलवरच शोधून चिकटविली. ती सिंहाची होती असे नंतर कळले.

वर्गात टाळ्या पडल्या. आम्हाला काम झाले असे वाटले.

हा आरडाओरडा आमच्या डोक्यात कोठून आला ह्याचा आता विचार करते तेव्हा त्याचे मूळ मला आपल्या नाटकांत दिसते. आम्ही चौघांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिलेले चित्रपट बोटांवर मोजण्याइतके. नाटके मात्र लहानपणापासून मायच्या मांडीवर बसून पाहिलेली. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली, शंकरपट भरू लागले की वडसा म्हणजे देसाईगंजहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. झाडीपट्टीच्या ह्या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. त्या मंडपात लेकरे रडत असतात, चिवड्याचे पुडे फिरत असतात, कुणी जागेसाठी भांडत असते. अशा गर्दीला गप्प करायचे तर पहिला प्रवेश दणक्यातच हवा; ऑर्गन आणि तबला जोरातच वाजायला हवा. तेथे ते योग्यच आहे. परंतु कॅमेरा माणसाच्या हाताच्या अंतरावर उभा असतो. त्याच्यासमोर ओरडण्याची गरज नसते. नाटकातील शहाणपण आम्ही जसेच्या तसे उचलून चित्रपटात आणले आणि ते तेथे हास्यास्पद ठरले.

हास्यास्पद ठरले ते गावात. होळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात पंधरावीस माणसांना मी तो तुकडा दाखविला. कॅमेरा-वाघ सरकू लागला तशी म्हातारी माणसे हसू लागली. माझी आजी म्हणाली, "वाघ असा नाही येत, पोरी. तो याच्या आंधी सांगते." वाघ सांगतो म्हणजे काय? तर झाडाच्या शेंड्यावरचे वानर खाकरते, खालून चितळ ओरडते, आणि मग सारे चूप होते. ढोल वाजत नाही. जे काही वाजत होते तेही थांबते.

हसण्याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. पडद्यावर किंकाळी उठली तेव्हा शेजारच्या काकू उठल्या आणि "चुलीवर गंज आहे" असे म्हणून निघून गेल्या. त्यांची जाऊ तीन वर्षांपूर्वी तेंदूपाने तोडायला गेली होती आणि परतली नव्हती. हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्या मातीला मी गेले होते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या, ती बातमीही आम्ही चौघांनी वाचली होती. तरीसुद्धा किंकाळी कितव्या सेकंदाला टाकावी ह्यावर आम्ही एक संपूर्ण दुपार वाद घातला होता.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. काय बोलावे ते सुचेना. त्याच बोलल्या. "आमी कोनी वाघ पाह्यला नाही, बाई. आमी त घरीच होतो. दिवे लागले तरी ते आली नाही, एवढंच आमाले मालूम."

एवढे बोलून त्या भांडी घासू लागल्या. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवले आणि सुट्टी संपल्यावर सरांना सांगितले. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही 'एम' पाहा."

'एम' हा फ्रिट्झ लांग ह्या दिग्दर्शकाचा १९३१ सालचा जर्मन चित्रपट. त्यांचा हा पहिला बोलपट. बर्लिन शहरात लहान मुलींचे खून होत आहेत, एवढा त्याचा विषय. चित्रपट जर्मन, खाली अक्षरे इंग्रजी. अक्षरे वाचता वाचता चित्र निसटून जात होते. म्हणून दुसऱ्यांदा पाहताना अक्षरांकडे पाहायचेच नाही असे मी ठरविले, आणि काही अडले नाही.

सुरुवातीला एका चाळीच्या चौकात मुले गोल करून खेळताहेत आणि खुन्याचेच गाणे म्हणत एकेकाला बाद करताहेत. वरच्या मजल्यावर एक आई कपडे धुते आहे. घड्याळात बारा वाजतात. ती हात पुसते आणि मुलीसाठी टेबलावर ताटली मांडते. तिकडे मुलगी शाळेतून निघाली आहे, रस्त्याने चेंडू उडवीत येते आहे. एका खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षिसाची जाहिरात लावली आहे. मुलगी तिच्यावरच चेंडू आपटते, आणि त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते. सावली म्हणते, काय छान चेंडू आहे! पुढे तो माणूस तिला फुगा घेऊन देतो. इकडे आई जिन्यात डोकावते, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, खिडकीतून हाका मारते. त्या हाका ऐकू येत असताना पडद्यावर काय दिसते? रिकामा जिना. वाळत घातलेले कपडे. टेबलावरची रिकामी ताटली. झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. फुगा तारांत अडकतो. बस्स. खून दाखविलेला नाही. खुन्याचा चेहराही नाही.

मी काकूंचे वाक्य आठवले. वाघ कुणी पाहिला नव्हता. लांगच्या चित्रपटातील आईही घरीच होती.

येथे मला एक भेद समजला तो सांगते, कारण पाठ्यपुस्तकात आपण रहस्य आणि थरार हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) घ्या, ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. पत्नी वारल्यानंतर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री नायकापुढे येते. ही कोण? नायकाला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. आपण दोघे बरोबरीने शोधतो. हे रहस्य. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो यांच्याशी बोलताना दुसरी बाजू एका उदाहरणाने सांगितली आहे. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक बाँब फुटला, तर प्रेक्षक काही क्षण दचकेल. परंतु टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि बसलेल्यांना कळलेले नाही, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पाव तास जीव मुठीत धरून ऐकेल. थरार तो हा. प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि सांगता येत नसते.

आमच्या 'सावज'मध्ये ह्यातले काहीच नव्हते. होते ते नुसते दचकविणे.

दुसऱ्या प्रयत्नात आम्ही जंगल काढून टाकले. एक म्हातारी संध्याकाळी घरी आहे. सून पाने तोडायला गेली आहे. एवढेच. पहिल्याच चित्रात, सूनबाईच्या पाठमोऱ्या आकृतीमागे, वाटेवरच्या झाडाला ठोकलेली वन विभागाची सावधानतेची पाटी दिसते. ती वाचली न वाचली तोच चित्र बदलते. हा आमचा टेबलाखालचा बाँब. त्यानंतर कॅमेरा घराबाहेर जात नाही.

म्हातारीचे काम आजीने केले. अभिनय म्हणजे काय हे तिला सांगणे आम्हाला जमले नाही आणि ते बरेच झाले. तिला फक्त अंगणाच्या फाटकाकडे पाहायला सांगितले. "कायले पाहू?" "उगीच." ती पाहत राहिली. खरे म्हणजे तिचे लक्ष फाटकाबाहेरच्या शेळीकडे होते. परंतु संकलन करताना तोच तुकडा आम्ही तीनदा वापरला. एकदा रिकाम्या वाटेनंतर, एकदा दोरीवरच्या लुगड्यानंतर, एकदा नुसत्या अंधारानंतर. तीन वेळा तिच्या चेहऱ्यावर तीन निराळे भाव आहेत असे पाहणारे शपथेवर सांगतात! रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीला, शवपेटीला आणि एका स्त्रीच्या चित्राला जोडून हेच दाखविले होते. वर्गात हा प्रयोग शिकले तेव्हा मला तो थापच वाटला होता.

तांत्रिक अडचणींचे पुराण सांगत नाही. एक मात्र सांगते, कारण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल. मोबाईलचा कॅमेरा फार भला असतो. अंधार पडू लागला की तो आपण होऊन चित्र उजळतो. संध्याकाळ होते आहे हेच आम्हाला दाखवायचे, आणि हा ती होऊ देईना. शेवटी पडद्यावर बोट दाबून धरून उजेड बांधून टाकायचा असतो हे कळले. तोवर दोन संध्याकाळी वाया गेल्या. खरी कातरवेळ वीसएक मिनिटांची असते, म्हणून तिसऱ्या दिवशी सारी चित्रे आधी दुपारीच लावून पाहिली.

आवाजांसाठी दुसरा मोबाईल वेगळा ठेवला. परतणारी गुरे, डालग्याखाली कोंबड्या झाकणे, शेजारचा दूरदर्शन संच, दूरवर देवळातील ध्वनिक्षेपक. हे सारे आधी एकत्र वाजते. मग एकेक कमी होत जाते. गुरे गोठ्यात जातात, कोंबड्या गप्प होतात, देवळातील भजन संपते. आजीचे "सारे चूप होते" आम्ही असे घरात आणले. दोन मिनिटे चाळीस सेकंदांनंतर काहीच ऐकू येत नाही, आणि तेथे एकदाच, फार दूर, वानर खाकरते. आजी मान वर करते. चित्र संपते. नाव आम्ही 'दिवे लागले' असे ठेवले.

हे दाखविण्यापूर्वी मी काकूंना विचारायला गेले. तुम्ही नको म्हणाल तर दाखविणार नाही, असे म्हटले. त्यांनी माझ्या मोबाईलवर एकटीने ते पाहिले. परत लावायला सांगितले. एकही शब्द नाही. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी एका चित्रावर बोट ठेवले. 'एम'मधील रिकाम्या ताटलीवरून सुचलेले ते चित्र होते. आजीने सुनेसाठी ताट वाढून झाकून ठेवलेले. आम्हाला ह्या चित्राचा फार अभिमान होता.

"हे चुकलं," काकू म्हणाल्या. "मानूस याच्या आंधी ताट कोन वाढते? अन्न थंडं होते. गंज चुलीवरच राह्यते. विस्तव मागं-पुढं करत राहा लागते."

मला त्यांचे त्या रात्रीचे उठून जाणे आठवले. लांगच्या घरी टेबल होते, बाराला जेवण होते; तेथे ताटली बरोबर होती. आमच्याकडे चूल आहे.

पुढच्या रविवारी आम्ही ते एक चित्र पुन्हा घेतले. चुलीवर जर्मनची गंज, झाकण किंचित कललेले, आणि आजीचा हात विस्तव मागे ओढतो, मग थोड्या वेळाने पुन्हा पुढे सारतो. विस्तव कितपत ठेवायचा हे काकूंनीच येऊन दाखविले.