खडीच्या रस्त्यावरची सायकल

माझी ताई दहावीला आहे. तिचे हायस्कूल आमच्या वाडीपासून साडेपाच किलोमीटर आहे. रस्ता भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. मध्ये दोन चढ आणि एक मोठे वळण आहे. यंदा पावसाळ्यात त्या रस्त्याचे डांबर उखडले. दसऱ्याच्या सुमारास खड्ड्यांत खडी टाकली, पण वरून मुरूम टाकायला आणि रोलर फिरवायला कोणी आलेच नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात ताई वळणावर सायकलवरून पडली. कोपर सोलले, गुडघा फुटला, दप्तर गवतात जाऊन पडले. आई म्हणाली, "आता सायकल बंद." वडील काही बोलले नाहीत.

मग ताई चालत जाऊ लागली. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. घरी येईपर्यंत दिवेलागण व्हायची, आणि पुस्तक उघडले की ती पेंगायची. मी गुरुजींना विचारले की खडीवर सायकल का घसरते. गुरुजी म्हणाले, "तूच शोधून काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख लिहिला आहे.

मित्रांनो, आधी खडी बघा. खडी म्हणजे फोडलेला काळा दगड. तिला कोपरे असतात. रस्ता नीट करताना खडी पसरतात, वर मुरूम टाकतात, पाणी मारतात आणि रोलर फिरवतात. मग मुरूम फटींत बसतो, खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि रस्ता घट्ट होतो. पण पावसाने मुरूम वाहून गेला किंवा मुरूम टाकलाच नाही, तर खडी सुटी राहते. जुन्या डांबरावर पडलेली सुटी खडी सगळ्यात वाईट. घोटीव जमिनीवर ज्वारी सांडली आणि तिच्यावर पाय पडला तर काय होते? तसेच चाकाचे होते. नुसत्या मुरमाचा रस्ता मात्र कोरडा असेल तर डांबरापेक्षाही मला बरा वाटतो.

डिसेंबरात एका रविवारी नाशिकचे चार सायकलवाले आमच्या काकूच्या टपरीवर चहाला थांबले. त्यांच्या सायकलींचे टायर रुंद होते आणि त्यांवर बारीक बारीक दाणे होते. ते मुद्दाम कच्च्या रस्त्याने आले होते! मला आधी खरे वाटेना. गुरुजींनी नंतर सांगितले की खडीच्या रस्त्यावरच्या सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धासुद्धा असते, आणि पहिली २०२२ साली इटली देशात झाली. म्हणजे आम्हाला जो रस्ता नको वाटतो, त्याच्यासाठी लोक लांबून येतात.

त्यातल्या एका काकांना मी ताईचे सांगितले. ते म्हणाले, "टायरमध्ये हवा किती भरता?" मी म्हणालो, "टणक, दगडासारखी." ते हसले आणि म्हणाले, "माझा टायर दाबून बघ." अंगठ्याने दाबला तर थोडा आत गेला. ते म्हणाले, टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. उडाला की तेवढा वेळ त्याने जमीन सोडलेली असते, मग तो धरणार कशाला? थोडा नरम टायर खड्याला वेढून घेतो आणि जमिनीला चिकटून चालतो.

हे खरे की खोटे ते बघायला मी प्रयोग केला. ताईची सायकल घेतली. कॅरिअरला तांब्या दोरीने घट्ट बांधला आणि काठोकाठ पाणी भरले. आमच्या तांब्यात पाच फुलपात्री पाणी मावते. जांभळीच्या झाडापासून मोरीपर्यंत शंभर पावले सगळी खडीच आहे. तिथून सावकाश सायकल नेली. पहिल्यांदा हवा टणक होती. मोरीवर तांब्यात दोन फुलपात्री उरले, बाकी माझ्या पाठीवर. दुसऱ्यांदा हवा थोडी सोडली, एवढी की दोन्ही अंगठ्यांनी जोर केला तर टायर हरभऱ्याच्या दाण्याएवढा आत जावा. आता जवळजवळ चार फुलपात्री उरले. मला वाटले, अजून सोडली तर पाचही उरतील. म्हणून तिसऱ्यांदा खूप सोडली. पाणी चारच उरले, आणि मोरीजवळ एका मोठ्या दगडावर चाकाची रिम ठाणकन आपटली. ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली आणि शेजारी शेजारी दोन भोके पडली. पंक्चरचे पैसे वडिलांनी दिले आणि वर बोलणीही दिली. म्हणजे हवा कमी हवी, पण फार कमी नको. मागच्या चाकावर वजन जास्त येते, म्हणून मागे थोडी जास्त ठेवावी. ताई माझ्यापेक्षा जड आहे, शिवाय तिचे दप्तर, म्हणून तिला माझ्यापेक्षा जरा जास्त हवा लागते.

काकांनी ब्रेकचेही सांगितले. ताई पडली तेव्हा तिने वळणातच पुढचा ब्रेक कचकन दाबला होता. पुढचे चाक अडकले आणि खडीवर बाजूला सरकले. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच लावायचा, दोन्ही हळूहळू. वळणात तो सोडून द्यायचा. हँडल आवळून धरायचे नाही. आणि जिथे जायचे तिथे बघायचे, चाकाखालच्या खडीकडे नाही. जिकडे नजर जाते तिकडेच सायकल जाते, हे मी करून बघितले आहे. पावसात तर आमच्यासारख्या सायकलींचे ब्रेक लागतच नाहीत, कारण लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून सटकते. तेव्हा उतारावर उतरून हातात धरून न्यावी.

चढाचे गणित मला फार आवडले. ताईच्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. खडूने खूण करून मोजले, सायकल सव्वापाच मीटरच्या पुढे गेली. काकांच्या सायकलला पुढे ४० दात आणि मागे सगळ्यात मोठ्या चक्राला ४२ होते. म्हणजे पायडल एकदा फिरले तरी चाक पूर्ण एक वेळही फिरत नाही. सायकल दोनच मीटर जाते, पण पायाला जोर कमी लागतो. म्हणून ते चढावर बसून जातात आणि आपण उभे राहून पायडल मारतो. उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते खडीवर जागच्या जागी फिरते. आपल्याला गिअर नाही, तर खडीच्या चढावर खाली उतरावे. त्यात लाज नाही.

ते चौघे धरणाला पूर्ण वळसा घालणार होते. तो सुमारे चाळीस किलोमीटरचा आहे. शेंडीहून निघून मुतखेळ, कोलटेंभे करत रतनवाडी, मग साम्रद, घाटघर, आणि पलीकडच्या काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करून परत शेंडी. कुठे डांबर, कुठे खडी, कुठे मुरूम. धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. उंची ८२ मीटर. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते आणि ह्या धरणात अडते. रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. वर बघितले तर रतनगडाचे नेढे दिसते, म्हणजे डोंगराला आरपार भोक. घाटघरला कोकणकडा आहे, तिथे जमीन एकदम संपते आणि खाली कोकण. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस ह्याच भागात पडतो. परत येताना कळसूबाईचा डोंगर समोर असतो. तो १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. मी वडिलांबरोबर रतनवाडीपर्यंतच गेलो आहे, पुढचे सगळे ऐकलेले आहे. पावसाळ्याआधी काजवे बघायला गाड्यांची गर्दी होते, तेव्हा मात्र सायकलने रात्री जाऊ नये. गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात आणि खडी दिसतच नाही.

प्रयोग झाल्यावर मी तांब्या घेऊन आईला रस्त्यावर नेले आणि दोन्ही वेळचे पाणी दाखवले. आई पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि वळणाचं काय?" वळणावरची सुटी खडी आम्ही चौघा मुलांनी शनिवारी फावड्याने कडेला ओढली. वडीलही आले होते. सोमवारी ते वळणापर्यंत ताईच्या मागे चालत गेले. ताईने वळणाच्या आधी ब्रेक लावला, सोडला आणि निघून गेली. वडील तिथेच उभे राहिले, ती मोरीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.

आता रोज सकाळी आई चुलीपुढून उठून आधी टायर दाबून बघते. परवा हवा कमी वाटली म्हणून तिने ताईला थांबवले आणि मला पंप आणायला पळवले. पंप शेजारच्यांचा आहे, तो अजून आमच्याच ओट्यावर आहे.