निळा ठिपका

नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस सगळ्यांसाठी उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एरवी ती टेकडी लष्कराच्या ताब्यात असते आणि आम्ही बर्डीवरचे लोक तिला खालूनच बघतो. यंदा २६ जानेवारीला माझी अकरावीतली मुलगी मैत्रिणींबरोबर किल्ला पाहायला गेली. मी ‘जा’ म्हटलं होतं. तिचं लोकेशन माझ्या फोनवर दिसतं, निळा ठिपका. तो ठिपका टेकडीवर एका जागी थांबला. मी फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला. अकराव्या फोननंतर मी कुकरखालचा गॅस बंद केला, पायात चप्पल सरकवली आणि निघाले.

फाटकाशी मुली भेटल्या. कशावरून तरी हसत खाली येत होत्या. मी सगळ्यांदेखत तिचा दंड धरला आणि काय बोलले ते इथे लिहवत नाही. ती एवढंच म्हणाली, “आई, तू काय करून राहिली इथे?” घरी आल्यावर तिने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. “हा तूच ठेव न आता,” म्हणाली आणि खोलीत गेली. दाराला आतून कडी लावायचा प्रश्न नव्हता. ती कडी मीच वर्षभरापूर्वी सुताराकडून काढून घेतली होती.

आईबाबांनो, हे सगळं आधीच सांगून टाकते आहे, कारण पुढचं बोलणं शहाण्याने वेड्याला सांगितल्यासारखं वाटायला नको. तुमच्यातल्या कुणाच्या तरी फोनवरही असा ठिपका असेल. तो बघितल्यावर जिवाला किती बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं किती थोडा वेळ टिकतं, हे तुम्हाला ठाऊक असेल.

त्या आठवड्यात मी समुपदेशक शोधायला बसले. मुलीसाठी! ‘मुलगी ऐकत नाही’, ‘मुलगी लपवते’ असं टाइप करून. आमचे हे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अगं, तिच्यासाठी कशाला? त्या दिवशी रस्त्यावरून धावत कोण गेलं होतं?” मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललेच नाही. आमच्या माहेरी हेच चालायचं. आई चिडली की अबोला. जेवण वाढलं जायचं, डबा भरला जायचा, पण नजर मिळायची नाही. आपलं काय चुकलं ते शोधत आम्ही भावंडं तिच्या मागे मागे फिरायचो. मोठी झाल्यावर मी तेच हत्यार उचललं आणि त्याला कधी हत्यार म्हटलं नाही.

पुढे कळलं की मानसशास्त्रात याचा नीट विचार झालेला आहे. ब्रायन बार्बर या अमेरिकन संशोधकाने १९९६ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एक, मुलाच्या वागण्याला घातलेली मर्यादा : हेल्मेटशिवाय गाडी नाही, रात्री ठरल्या वेळेला घरी. दुसरी, मुलाच्या मनावर मिळवलेला ताबा : प्रेम काढून घेणं, अपराधी वाटायला लावणं, त्याला जे वाटतं ते वाटूच नये असं करणं. पहिलीची मुलांना गरज असते. दुसरीने मूल आतून खचतं. हे वाचलं तेव्हा मी माझीच वाक्यं आठवून पाहिली. “आमच्यासाठी एवढंही करता येत नाही का तुला?” “तुझ्यामुळे माझं बीपी वाढतं.” “त्या कुलकर्ण्यांच्या मुलीला बघ.” यात नियम एकही नव्हता. कडक आईबाप आणि ताबा घेणारे आईबाप एकच, असं समजून आपण बरीच वर्षं घालवतो. माझी आजी कडक होती, पण तिच्यासमोर आम्ही मोकळेपणी रडू शकत होतो.

तर, मदत मला हवी होती. आता ती घ्यायची कुठे?

नागपुरात मानसोपचार या शब्दालाच एक जुना काटा आहे. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि शेजारच्या चौकाला आजही ऑटोवाला पागलखाना चौक म्हणतो. लहानपणी भांडताना आम्ही एकमेकांना तिथेच पाठवायचो. तो शब्द तोंडात घोळवत वाढलेल्या माणसाला मानसतज्ज्ञाच्या दाराची पायरी चढणं जड जातं. शिवाय बर्डी म्हणजे सगळ्यांचा येण्याजाण्याचा रस्ता. मेन रोडला भाजी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात, दवाखान्याच्या जिन्यात भेटले तर काय सांगणार? म्हणून मी ऑनलाइन शोधायचं ठरवलं, तेही मुद्दाम नागपूरबाहेरचं कुणीतरी. लाज होती म्हणून, हे खरं आहे. पण लाजेमुळे का होईना, मदत घेतली जात असेल तर घ्यावी असं माझं मत आहे. लाजेचं नंतर बघता येतं.

शोधताना पहिला गोंधळ पाट्यांचा झाला. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. नोंदणी क्रमांक विचारला तर खऱ्या तज्ज्ञाला राग येत नाही आणि तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. समुपदेशकांचं मात्र सगळं एका चाकोरीतलं नाही. उत्तम शिकलेले आहेत, आणि दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. तेव्हा पदवी कुठली, प्रत्यक्ष प्रशिक्षण कुणाच्या हाताखाली, पालकांबरोबर किती काम केलंय, हे सरळ विचारायचं. आपण मुलाच्या क्लासची फी भरताना किती चौकशी करतो!

पहिल्यांदा ज्यांच्याशी बोलले त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं, “सहा सेशन करा, मुलगी तुमचं ऐकायला लागेल.” ऐकून मला क्षणभर अगदी हलकं वाटलं. मग रात्री लक्षात आलं की मला जे विकत हवं होतं तेच त्यांनी दाखवलं होतं. मी परत गेले नाही. तुम्हालाही कुणी मूल बदलून देतो म्हणालं तर तिथून उठा.

दुसऱ्या बाईंनी मराठीत विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटते?” भाषेचं मोल मला तिथे कळलं. इंग्रजीत मी ‘अँक्शस’ म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. मराठीत माझ्या तोंडून निघालं, “जीव टांगणीला लागतो.” त्या म्हणाल्या, “कुणाचा? केव्हापासून?” आणि मी चौदा वर्षांची होऊन बोलायला लागले. त्या दिवशी मी शाळेतून मैत्रिणीकडे गेले होते, न सांगता. घरी आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. बाबा गेले होते. माझं लक्ष नसलं की घात होतो, असं काहीतरी त्या ढिगासमोर माझ्या मनात कोरलं गेलं असावं. तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी गोपनीयतेचं सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो आपला हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, अशा कायद्याने ठरवलेल्या मोजक्या प्रसंगीच गोष्ट बाहेर जाते. आता आमच्या छोट्याशा घरात ही गोपनीयता राखायची कशी हा वेगळा प्रश्न होता. मी खाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीत बसून बोलते. काचा वर, कानात इअरफोन. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ते शक्य नव्हतं, तेव्हा पहाटे सहाची वेळ मागून घेतली. त्यांनी दिली.

पैशांची अडचण असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. तुमचा हात मुलावर उठत असेल आणि थांबत नसेल, घरात कुणी जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटणं पुरेसं नाही. त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे कोण भेटेल याची लाज त्या दिवशी बाळगू नका.

बाईंबरोबरचं माझं काम एका वहीपासून सुरू झालं. भीती वाटली की तिला शून्य ते शंभरपैकी आकडा द्यायचा. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केलेली ही रीत आहे. मुलीचा क्लास शंकरनगरला. मेट्रोने सीताबर्डीपासून तिसरं स्टेशन. एवढ्याशा प्रवासात मी तीन फोन करायचे : बसलीस का, उतरलीस का, पोचलीस का. आता तिने पोचल्यावर एक मेसेज करायचा आणि मी वीस मिनिटं लोकेशन उघडायचं नाही, एवढंच ठरलं. पहिल्या दिवशी वहीत ९० लिहिलं. हाताला घाम सुटला होता. ओट्याशी उभी राहून मी मेथी निवडत राहिले, निवडलेलीच पुन्हा निवडली. वीस मिनिटांनी आकडा ६० होता. मी काहीही केलं नव्हतं आणि तो उतरला होता. माझ्यासाठी हे नवीनच होतं. आजवर मला वाटायचं की ठिपका बघितला म्हणून भीती जाते. खरं तर बघितल्याने ती तेवढ्यापुरती दबायची आणि दुसऱ्या दिवशी जास्त मागायची.

मग बाईंनी माझ्या बोलण्यातले ‘पाहिजेच’ मोजायला सांगितले. मुलगी सुखरूप असावी ही इच्छा. ती सुखरूप आहे हे मला या क्षणी कळलंच पाहिजे, हा हट्ट. इच्छेने माणूस काळजी घेतो, हट्टाने गळा धरतो. ही विचारसरणी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची, १९५५ च्या सुमाराची. महाराष्ट्रात ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी, आणि फडके एलिस यांच्याकडून शिकले ते बरंचसं पत्रव्यवहारातून. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक बाईंनीच सुचवलं. पडद्यावरून कसला उपचार होणार, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. पोस्टाच्या पाकिटांतून एवढं पोचू शकतं, तर चेहरा आणि आवाज पुरेसा आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण मी गाडीत जायला निघाले की त्या हल्ली मला पाण्याची बाटली देतात.

सगळं सरळ झालं नाही. जूनमध्ये बारावीचे क्लास जोरात सुरू झाले, बर्डीच्या चौकाचौकांत टॉपर मुलांचे फोटो असलेले मोठे फलक लागले, आणि मी पुन्हा घसरले. तिच्या सराव परीक्षेचे गुण मी तिच्या आधी पाहिले, तिच्या फोनमधून. चार महिने कमावलेलं एका दुपारी गेलं. बाईंना सांगताना मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी विचारलं, “तिची माफी मागितली का?” नव्हती मागितली. आपल्याकडे आईबाप मुलांची माफी मागत नाहीत. मी मागितली, आणि त्यात ‘पण तू सुद्धा’ आणलं नाही. हे जोडल्याशिवाय माफी मागून बघा, जीभ किती अडखळते. ती “बरं” म्हणाली आणि अभ्यासाला बसली. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही, आणि ते तिच्याकडून वसूल करायचं नाही हेही मला बाईंबरोबर बोलून समजून घ्यावं लागलं.

सुतार जुलैत आला. कडी लावून गेला. लोकेशन आम्ही दोघींनी बसून ठरवलं : रात्री आठनंतर चालू, दिवसा बंद.

परवा १५ ऑगस्टला किल्ला पुन्हा उघडला. ती आपणहून म्हणाली, जानेवारीत नीट पाहिलाच नाही, जाऊ का? मी “जा” म्हटलं. पावसाची भुरभुर होती. वहीत ७५ लिहिलं. दहाला ७०. साडेदहाला पुन्हा ८०, कारण पाऊस वाढला. फोन मी सासूबाईंच्या खोलीत ठेवून दिला होता. साडेअकराला ती आली, चपला चिखलाने भरलेल्या, येताना तर्री पोहे खाऊन आलेली. ओढणी वाळत टाकताना काहीतरी आठवून हसली. काय झालं ते मी विचारलं नाही. ती खोलीत गेली आणि मला आतून कडीचा आवाज ऐकू आला. वही उघडून मी वेळ लिहिली, पुढे ४०.